अर्ध्यावर थांबणारं दार

"नोकरीत काय केलंत?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "दारं उघडली आणि बंद केली." समोरचं माणूस जरा आदराने बघू लागतं. त्याला वाटतं, बाई समाजकार्याविषयी बोलते आहे. म्हणून लगेच खुलासा करावा लागतो, की मी गॅरेजची आपोआप उघडणारी दारं बसवत होते आणि बसवलेली दुरुस्त करत होते. आदर तिथल्या तिथे ओसरतो. "बाईमाणूस असून?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मी बरीच वर्षं देत होते, मग कंटाळले.

मी इलेक्ट्रिकलची डिप्लोमावाली. नव्वदच्या दशकात तुर्भ्याला वागळेसाहेबांच्या छोट्या कारखान्यात होते. तिथे रोलिंग शटर बनत. गोदामांची, दुकानांची, पुढे द्रोणागिरीकडे मोठाली गोदामं उभी राहू लागली तेव्हा त्यांचीही. शटर हा प्रामाणिक प्रकार आहे. वर ढकललं की वर जातं, खाली ओढलं की खाली येतं आणि दोन्ही वेळा सगळ्या गल्लीला कळवतं. आमचं बरं चाललं होतं. पण वागळेसाहेब एकदा कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि येताना परदेशी मशीनचा गुळगुळीत कॅटलॉग घेऊन आले. त्यानंतर आमच्या माहितीपत्रकावर "दार म्हणजे घराचं पहिलं स्मितहास्य" असं वाक्य छापून आलं. साहेबांच्या स्वतःच्या फ्लॅटला तेव्हा सेफ्टी डोअर, दोन कड्या आणि एक मोठं कुलूप होतं.

हे मशीन काय असतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. दार आडव्या फळ्यांचं असतं. दोन्ही बाजूंच्या रुळांतून ते वर सरकतं आणि छताखाली आडवं होऊन पडून राहतं. छताच्या मध्यावर मोटर असते, तिची साखळी दाराला ओढते. बघणाऱ्याला वाटतं, मोटर दार उचलते. तसं नसतं. दाराचा सगळा भार वर बसवलेली जाडजूड स्प्रिंग पेलते. मोटर दाराला नुसतं हाताला धरून नेते. स्प्रिंग नीट ताणलेली आहे का हे बघायची आमची एक साधी परीक्षा होती. मोटरखाली एक लाल दोरी लोंबत असते, ती ओढली की मोटर दारापासून सुटते. मग दार हाताने अर्ध्यावर आणायचं आणि सोडून द्यायचं. निरोगी दार तिथंच थांबतं. वरही जात नाही, खालीही येत नाही.

शेवटची गोष्ट म्हणजे डोळे. जमिनीपासून वीतभर उंचीवर, दाराच्या दोन बाजूंना एकेक डबी असते. एकीतून डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो, दुसरी तो बघत बसते. दार खाली येत असताना मध्ये मूल आलं, मांजर आलं, कुणाचा पाय आला, की किरण तुटतो आणि दार मुकाट्याने परत वर जातं.

हे सगळं ज्या देशात बनलं त्या देशात ते ठीकच चालत असावं. इथे आल्यावर त्याला आपली माणसं भेटली. वाशीत शेजारशेजारच्या दोन बंगल्यांना आम्ही एकाच खोक्यातली दोन मशीन बसवली. रिमोटची खूण बदलायची असते, हे फिटर विसरला. त्या दोन घरांचं कंपाउंडच्या भिंतीवरून बोलणं बंद होतं. आता एकाने आपलं दार उघडलं की दुसऱ्याचंही उघडायचं. दोघांनीही आमच्याकडे एकमेकांविरुद्ध घुसखोरीची तक्रार केली. खूण बदलायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, पण त्यांना ते पटवायला सबंध दुपार गेली.

मला मात्र आजही आठवतं ते हरिशेठ म्हात्र्यांचं दार.

हरिशेठ सारसोळ्याचे. शेती, मिठागर आणि घरच्या दोन होड्या अशी त्यांच्या घरची मिळकत. शहर वसवायला जमिनी गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डिंग झाली आणि हऱ्याचा हरिशेठ झाला. माणूस कष्टाळू, जिभेने तिखट आणि मनाने वाईट नव्हे. नेरुळमध्ये गावाच्या अगदी कडेला त्यांनी बंगला बांधला. त्याला गोल उंच खांब होते, खांबांवर राजस्थानी कमानी होत्या आणि कमानींवर दोन सिंह. एका सिंहाचं तोंड खाडीकडे, दुसऱ्याचं पाण्याच्या टाकीकडे. बंगल्याचं नाव मातृछाया. माता गॅरेजमध्ये बसत असे.

हे मात्र मला नंतर समजलं. पहिल्या दिवशी मी पाहिला तो दाराचा उद्घाटन सोहळा. रिमोट चांदीच्या ताटात ठेवून, वर रेशमी रुमाल झाकून आणला होता. पाहुण्यांनी तो दाबला, दार वर गेलं, टाळ्या झाल्या, नारळ फुटला आणि नारळाचं पाणी डाव्या डोळ्यावर उडाल्यामुळे दार खाली यायला तयार होईना. मी पदराने डबी पुसली. लोकांना तोही विधीचाच भाग वाटला असावा.

आत भिंतीवर एक साधं बटण बसवू या, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. हरिशेठ म्हणाले, "मॅडम, बटन तर बातरूमला पन असतं. आमाला रिमोट पायजे." दोन रिमोट होते. एक हरिशेठकडे, दुसरा त्यांच्या गाडीत. लोंबणारी लाल दोरी त्यांना बरी दिसेना, म्हणून ती गुंडाळून मोटरवर खोचली. अशा रीतीने घरात असणाऱ्या कुणालाही ते दार उघडता येणार नाही याची पक्की सोय झाली. गॅरेजचं तोंड थेट रस्त्यावर होतं, कंपाउंडच्या बाहेर. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

उन्हाळ्यात पहिली तक्रार आली. दुपारी दार अर्ध्यावर अडकतं. हे मशीन परदेशी विजेवर चालणारं, म्हणून त्याला ट्रान्सफॉर्मर लावलेला. दुपारी एसी सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, मोटर तापायची आणि स्वतःला वाचवायला बंद पडायची. संध्याकाळपर्यंत थंड होऊन परत चालू. मी आणि आमचा फिटर सावंत गेलो तेव्हा दार असंच अर्ध्यावर होतं आणि आत फरशीवर चार-पाच म्हाताऱ्या बसल्या होत्या. पुढ्यात सुपं होती, सुपांत सुका जवळा, आणि हात निवडण्यात गुंतलेले. बाजूला रिकाम्या पाट्या. बाजारात मासळी विकून गावाकडे परतताना त्या इथे टेकत. मधोमध एक बारीक, काळीसावळी, ताठ बाई भिंतीला पाठ लावून बसली होती. ती हरिशेठची आई, गोमीबाय. तिने आयुष्यभर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन घर चालवलेलं होतं.

शिडी लावायची म्हणून आम्ही त्यांना उठवलं. एक जण, नामीबाय तिचं नाव, उठताना म्हणाली, "दरवाजा चांगला अरकलाय, त्याला कनाला हात लावतंस?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तिचं म्हणणं खरं होतं हे कळायला मला दिवाळी यावी लागली.

मी स्टॅबिलायझर लावला, मोटरच्या वर हवा जायला जाळी करून घेतली. दार भर दुपारी सुरळीत चालू लागलं. हरिशेठ जेवायला घरी येत, जेवून निघत, गाडी रस्त्यावर काढून मागे न बघता रिमोट दाबत आणि दार बंद होई. त्यांचा फोन आला, "मॅडम, येक नंबर काम." वागळेसाहेबांनी मला शाबासकी दिली. काम चोख झालं होतं. त्या कामाने कुणाचं काय बंद झालं याची आमच्यापैकी कुणालाच कल्पना नव्हती.

मग दसरा आला. घरातल्या गाड्यांची, मिक्सरची, पाण्याच्या पंपाची पूजा झाली, तशी दाराचीही झाली. झेंडूचं तोरण लागलं. गोमीबायच्या सुनेने मोठ्या भक्तिभावाने मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि खालच्या दोन डब्यांना डोळे म्हणतात हे ऐकून त्यांनाही. तेही ठळकपणे. दार बंद होईना म्हणून दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

मी डोळे पुसत होते तेव्हा गोमीबाय येऊन शेजारी उकिडवी बसली.

"काय जाला त्याला?"

"कुंकू लागलं डोळ्याला. त्याला दिसेना झालं."

"दिसत नाय तं बंद व्हावा ना. उघरा कनाला र्‍हातं?"

प्रश्न शहाणा होता. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत मला याहून सोपे प्रश्न आले होते. मी तिला नीट समजावलं. डोळ्याला समोरचा किरण दिसला नाही, तर तो असं धरून चालतो की मध्ये कुणीतरी माणूस आहे. आणि माणूस असेल तर दार खाली येता कामा नये.

"म्हंजे त्याला नाय दिसला तरी तो मानसाला जपतं," ती म्हणाली.

"हो."

"पोराचे डोक्यापरीस बरा हाय," असं म्हणून ती उठली. मला वाटलं, म्हातारीला यंत्राचं कौतुक वाटलं.

आठवडाभरात तक्रार सुरू झाली. फोनवर हरिशेठ म्हणाले, "मॅडम, दार खाली येतो, आन मधीच इचार बदलून वर जातो. आमदारासारका. तो पन रोज नाय, पन दुपारचाच. संद्याकाली येकदम सरल."

मी गेले, तर दार शहाण्यासारखं वागलं. दुरुस्तीच्या धंद्यात याहून वाईट काही नाही. डॉक्टरकडे गेल्यावर ज्याचा खोकला थांबतो तो रोगी आणि आमचं गिऱ्हाईक यांचं दुःख एकच. मी रूळ तपासले, तारा हलवून पाहिल्या, स्प्रिंग पाहिली. शेवटी मला एक सुंदर कारण सापडलं. दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो. गॅरेजचं तोंड पश्चिमेला. दुपारचं तिरकं ऊन थेट बघणाऱ्या डोळ्यात शिरतं, डोळा दिपतो आणि त्याला किरण दिसत नाही. असं खरोखर होतं, पुस्तकात दिलेलं आहे. मी करड्या पाइपचा एक तुकडा कापून त्या डबीवर नळीसारखा बसवला, म्हणजे ऊन आत जाऊ नये. हरिशेठना उभं करून मी सूर्याच्या गतीवर छोटं भाषणही दिलं. त्यांनी ते गॉगल लावून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सूर्य कुठेच नव्हता. दार दुपारी बंद झालं नाही.

हरिशेठ स्वतः तुर्भ्याला आले. त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता, बंगल्यातच करायचा होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, मुलाकरची मानसं येनार. दारातच जवल्याचा वास, आत पाट्या, आन दार उघरं. कसं दिसल? मना नवा मशीन पायजे. मोटा. आन मॅडम, ते डोलेबिले काडून टाका. दार म्हंजे दार. बंद बोललं का बंद."

"खाली कुणी असेल तर?" मी विचारलं.

"कोन असनार? गारी असतं."

"डोळ्यांशिवाय मी मशीन बसवणार नाही, हरिशेठ."

वागळेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्याकडे बघून स्मितहास्य केलं, माहितीपत्रकातलं. शेठ गेल्यावर ते म्हणाले, "हे बघा, त्यांच्या ओळखीची अजून दोन गिऱ्हाइकं आहेत. डोळे ठेवा, काढा, काय करायचं ते करा. पण ते दार बंद झालं पाहिजे."

आता पर्याय दोनच होते. दोष शोधायचा, नाहीतर एक आंधळं दार बसवायचं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी आनंदाने बसवलं असतं.

नव्या मशीनची मापं घ्यायची म्हणून मी एका दुपारी न कळवता गेले. हरिशेठ नुकतेच जेवून गेले होते. दार सताड उघडं होतं. आत बैठक भरलेली. मला बघून नामीबाय म्हणाली, "आयली बग दरवाज्याची डाक्तरीन."

मी खाली वाकून त्या डोळ्यावरच्या करड्या नळीत डोकावले. आत ओलं, लालभडक कुंकू होतं.

आधी वाटलं, दसऱ्याचं राहिलं असेल. मग लक्षात आलं की ही नळी मी दसऱ्यानंतर बसवली होती. मी बोट घालून कुंकू पुसलं आणि गोमीबायकडे पाहिलं. तिच्या पदराच्या टोकाला फिकट लाल डाग होते, रोज पुसून पुसून पडतात तसे.

"गोमीबाय, दसरा होऊन किती दिवस झाले?"

"जाले ना."

"मग नळीत कुंकू कुठून आलं?"

सगळ्यांचे हात सुपात थांबले. नामीबाय जवळ्यातली एक कोळंबी अशी निरखू लागली की जणू ती प्रथमच बघते आहे.

"देवाला काय येकाच दिशी कुंकू लावतान?" गोमीबाय म्हणाली.

"हे मशीन आहे."

"तूच बोललीस, त्याला डोला हाय. आन तो मानसाला जपतं. मंग त्याला नाय लावाचा तं कोनाला लावाचा?"

सारा धडा मीच दिला होता. पोरगा जेवायला बसला की ती खाली येऊन डोळ्याला कुंकू लावायची. तो गेला, दार वर राहिलं, बायका आल्या, बैठक झाली. त्याच्या परतीच्या वेळेआधी पदराने डोळा पुसायचा. चुकून कुणी पाहिलंच असतं, तरी आईने वाहिलेलं कुंकू पुसायची त्या घरात कुणाची हिंमत नव्हती.

"वर हॉल आहे की एवढा," मी म्हटलं.

"हाय ना. सोफा हाय. सोफ्यावर प्लाश्टिक हाय. सून चांगली हाय, चा देतं, बसा बोलतं. पन ह्या पाट्या घेवून कोन चरंल त्या पांढऱ्या पायऱ्या? येकदा आयल्या, त्यांचे मांगून नोकर फरशी पुसीत आयला. परत नाय आयल्या." तिने सूप पाखडलं. "जुने घराला ओटा होता. बंदरावरना येनारी बाय तिथं टेकल्याबिगर फुरं जात नव्हती. आता दरवाजा बंद जाला का ह्या सरल घरा जातीन. मंग मी कोनाशी बोलू? त्या वरचे वाघांशी?"

कमानीवरच्या सिंहांना ती वाघ म्हणत असे.

मी तिला सांगितलं, की हरिशेठना डोळे नसलेलं दार हवं आहे. तिने पाठ भिंतीला आणखी टेकवली.

"मी बसन तं हितंच बसन. बगू कसा बंद करतं."

तो केवळ हट्ट असता तर मी सोडून दिलं असतं. पण पाठीमागे न बघता रिमोट दाबणारा माणूस मला माहीत होता, आणि ते दार किती जड असतं हेही.

"तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"बसाला जागा मांगाची? ती पन पोराकरं?" ती म्हणाली. "तू सांग, नायतं नको सांगू. मी नाय सांगनार."

परतताना मी विचार करत होते, की दोष नेमका काय आहे. मशीनने त्याचं काम बिनचूक केलं होतं. मध्ये माणूस आहे असं धरून त्याने दार खाली येऊ दिलं नव्हतं. आणि माणूस खरोखरच होता.

नवं मशीन आलं, आपल्या विजेवर चालणारं. जुनं बदलायला तर हवंच होतं, कारण उघडून पाहिलं तेव्हा त्याच्या आतलं नायलॉनचं चाक पार झिजलेलं निघालं. रोज दुपारी निम्म्यातून मागे फिरवल्यावर दुसरं काय होणार? सावंत ते चाक हातात फिरवत म्हणाला, "मॅडम, पूजा भारी पडली." मी त्याला गप्प बसवलं.

दुपारपर्यंत मोटर बसली, साखळी चढली. डोळे मी नवे लावले आणि दोन बोल्टऐवजी चार बोल्टांनी आवळले. जुन्या डोळ्यावरची ती नळी काढलेल्या सामानात पडून होती. मग स्प्रिंगची परीक्षा. मी लाल दोरी ओढली, मोटर सोडवली, दार अर्ध्यावर आणलं आणि हात काढून घेतला. दार थांबलं. सावंतने स्प्रिंगला आणखी किंचित पीळ दिला. आता ते असं तोललं गेलं की बोटाने वर जाई, बोटाने खाली येई.

गोमीबाय भिंतीपासून बघत होती. उठली, दाराच्या कडेला हात लावला, थोडं वर केलं, थोडं खाली आणलं. तिच्या वयाच्या बाईला ते सहज जमलं.

"हितं र्‍हातं?" तिने विचारलं.

"राहतं."

"कवरा येल?"

"तुम्ही ठेवाल तेवढा वेळ."

"मंग हितंच र्‍हावं दे."

अर्धं दार. रस्त्यावरून बघणाऱ्याला आतलं काही दिसू नये इतकं खाली, आणि पाटी काखेत घेतली तर बाई वाकून आत येईल इतकं वर. मी दोरीला एक लाकडी मूठ बांधून ती गोमीबायच्या हाताला येईल अशी सोडली. बायका आल्या, एकेक करून वाकून आत शिरल्या. सुपं बाहेर निघाली.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. हरिशेठ त्या दिवशी नवं मशीन बघायला लवकर आले होते. दाराखालून त्यांचे पांढरे बूट दिसले. बूट थांबले.

"मॅडम! नवा पन अरकला?"

"अडकलं नाही, थांबलंय. बोट लावून बघा," मी आतून म्हटलं.

त्यांनी बोट लावलं असावं, कारण दार हातभर वर गेलं. मग खाली आलं. परत वर गेलं. परत खाली. एवढा मोठा माणूस, पण खेळणं मिळाल्यासारखा तो दारावर बोट ठेवून उभा होता. मग नामीबाय ओरडली, "हऱ्या, शेट जालास तरी वाकाला येतं ना? ये आत!"

बूट डावीकडे वळले, उजवीकडे वळले. रस्त्यावर कुणी नसल्याची खात्री झाली असावी. मग गळ्यातल्या साखळ्या छातीशी धरून हरिशेठ कंबरेत वाकले आणि आपल्याच घरात शिरले.

आत आल्यावर त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, पाट्यांकडे पाहिलं. चेहरा कडक होऊ लागला होता. मी सामानातली ती करडी नळी उचलून त्यांच्या हातात दिली.

"जुनं मशीन झिजलं होतं, हे खरं. पण दुपारची तक्रार मशीनची नव्हती."

त्यांनी नळी डोळ्याशी धरली. आत राहिलेला कुंकवाचा लाल डाग बघितला, मग तिच्यातूनच आईकडे बघितलं. सावंत स्क्रू मोजू लागला.

"आय? तू?"

"माझे घराचा दरवाजा हाय. मी पुजला."

"आगं, मंग मना सांगाचा ना."

गोमीबायने सूप बाजूला ठेवलं. "सांगाचा काय? डोले तुला पन हायेत."

हरिशेठनी नळी खिशात घातली, का कोण जाणे. मग कपाळ पुसत ते म्हणाले, "पाव्हन्यांचे दिशी तरी—"

"त्या दिशी पुरा उघरा ठेव," नामीबाय म्हणाली. "त्यांचेकरच्या बायकांना पन बसाला लागल."

हरिशेठना हसू आलं. ते उभे होते. तिथे बसायला खुर्ची नव्हतीच. जरा वेळाने ते इस्त्रीच्या पॅन्टसकट आईशेजारी फरशीवर टेकले आणि सुपातल्या जवळ्यातला कचरा काढू लागले. हाताला सवय होती, लगेच दिसलं.

"मॅडम," ते मान वर न करता म्हणाले, "डोले र्‍हावं द्या."

वागळेसाहेबांना मी कळवलं की दार व्यवस्थित बंद होतं. ते खरं होतं. रात्री ते नेमाने बंद होई, सकाळी उघडे. दुपारी मात्र गाडी बाहेर उन्हात उभी असे आणि दार अर्ध्यावर. मातृछायेतली छाया गाडीला मिळत नसे, एवढाच फरक. साहेबांच्या त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकाने अर्ध्यावर थांबणारी नवी फॅशन आपल्याकडेही करून मागितली.

पुढे मी त्या भागात गेले की मुद्दाम त्या रस्त्याने जाई. दाराखाली अनवाणी पाय ओळीने दिसत. मला आजही खंत वाटते ती इतकीच, की दुसऱ्या कुठल्याच घरात, दार बंद करून मिळाल्यावर आत कोण बसतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं एखादं तरी घर असेलच.

दशक संपता संपता गोमीबाय गेली. मला उशिरा कळलं. भेटायला जायचं राहून गेलं आणि मग तेवढ्यासाठी जाणं अवघड वाटू लागलं. असेच काही महिने गेले. एके दिवशी, आम्ही कारखान्यात डबे उघडायच्या बेतात असताना हरिशेठचा फोन आला.

"मॅडम, दार बिगारला."

"काय होतंय?"

"अर्ध्यावर थांबत नाय. सोरला का हलूहलू खाली येतं. पार बंदच होतं."

खाडीच्या खाऱ्या हवेने स्प्रिंग थकतात. बदलायची वेळ झाली होती, घाईचं काही नव्हतं. मी म्हटलं, "मोटरवर नीट चालतंय ना? मग उद्या सकाळी माणूस पाठवते."

"चालतं हो. पन आज काय करू?" ते म्हणाले. "मी कवाचा हाताने धरून उबा हाय. बायका बसल्यान आत."

मी सावंतला हाक मारली. डबे तसेच बांधले आणि स्प्रिंग घेऊन आम्ही निघालो.